उपासनेतून 'काय मिळालं'?

टाळकरी

मंडळी, जय ख्रिस्त. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

रविवारी उपासना सुटली की आमच्याकडे दारातच चर्चा सुरू होते. "आज पाळकांचा संदेश फारच लांबला." "गायन काही रंगलं नाही." "त्या दुसऱ्या चर्चला जाऊन बघा, तिथं काहीतरी मिळतं." हॉटेलातून बाहेर पडताना भाजीत मीठ कमी होतं म्हणावं, त्या सुरात. आधी हे फक्त तरुण पोरं बोलायची. आता मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातली माणसंही बोलतात आणि त्यावरून सरळ दोन तट पडलेत. एक 'उपासना संगीत' हे जुनं गीतपुस्तक, पेटी, तबला, टाळवाल्यांचा. दुसरा कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावर शब्दवाल्यांचा. आयडी बघून मी कुठल्या तटातला ते कळलंच असेल. पण मला हे भांडण वाद्यांचं वाटतच नाही. दोन्ही तटांची तक्रार एकच आहे: मला काय मिळालं?

माझ्या मते इथंच गाडी चुकते. आपण उपासनेला जातो ते घ्यायला की द्यायला? बायबलातल्या मलाखी या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. लोक वेदीवर आंधळं, लंगडं, आजारी जनावर आणून बांधतायत. परमेश्वर त्यांना विचारतो, हेच जनावर तुझ्या सुभेदाराला नेऊन दे, बघू तो तुझ्यावर खूश होतो का. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजवावा लागत नाही. बाजारात ज्याला कुणी हात लावणार नाही, ते देवाला. तिथं 'मला आज वेदीजवळ काय मिळालं' असं विचारणारा कुणी दिसत नाही. प्रश्न आहे तो काय आणलंस हा.

आता आम्ही काय आणतो? दहाच्या उपासनेला सव्वादहाला येतो. पापांगीकाराच्या वेळी बुटाची लेस बांधतो. दानाची पिशवी फिरली की पाकिटातली सगळ्यात मळकी नोट शोधतो. आणि वर म्हणतो, काही मिळालं नाही.

तुमच्या मंडळीत काय चाललंय, तुम्हाला काय वाटतं, लिहा. फक्त 'आमचं चर्च भारी, तुमचं टुकार' हे नको.

दुसरी_ओळ

मी कीबोर्ड तटातला, पुण्याचा. गिटार वाजवतो. तुमच्या मुद्द्याला अनुमोदन, पण वाद्यांचं भांडण नाही म्हणता म्हणता तुम्ही पेटी 'आपली' आणि कीबोर्ड 'त्यांचा' करून टाकलात, ते काही पटलं नाही.

पेटी कुठली आपली? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. आकाशवाणीनं १९४० पासून कित्येक वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं, का तर ती परकी. आणि नगरच्या मंडळ्यांत तरी भजन पहिल्यापासून होतं का? अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. सुरुवातीला गायची ती बहुतेक भाषांतरित गीतं, चाली विलायतेच्या. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारखी माणसं ख्रिस्ती कीर्तन करायला लागली, पदं लिहायला लागली. नंतर १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आले आणि त्यांच्या अभंगांनी, भजनांनी मंडळीचा गळाच बदलला. तेव्हाही कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणालं असेलच की, देवळात टाळ? हे काय भलतंच?

आवाजाचंही तेच. केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुली सगळ्या एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या, जमिनीवर पडायच्या. कित्येक मिशनरी त्यानं बावचळले. रमाबाईंनी मुलींना गप्प बसवलं नाही. आमच्या ड्रमला नावं ठेवणाऱ्यांनी केडगावला आदरानं जाताना हे जरा आठवावं.

बाकी 'काय मिळालं' या रोगाची लागण आमच्या तटात जास्त आहे, हे मान्य. गाणं संपल्यावर लोक 'आज प्रेझेन्स जाणवला' म्हणतात, आणि तो नेमका चौथ्या कॉर्डला जाणवतो हे मला स्टेजवरून दिसतं.

वसईवाली

"चौथ्या कॉर्डला" 😀

मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या तटांच्या बाहेर. पण आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपल्यावर आमच्याकडेही पहिला विषय प्रवचन किती मिनिटांचं झालं हाच असतो. आमच्या गावात तर नऊच्या मिस्साला कुठले फादर आहेत ते आधी फोन करून विचारतात आणि मग नऊला जायचं की साडेसातला ते ठरवतात.

माझी आजी लॅटिन मिस्साच्या काळातली. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला, त्यानंतर मिस्सा हळूहळू मराठीत आली. त्याआधी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये बोलायचे आणि आजी मागे बसून रोझरी जपायची. एक वाक्य कळायचं नाही. घंटी वाजली की मान खाली. मी तिला एकदा विचारलं होतं, मग तू तिथं जायचीस कशाला? ती म्हणाली, "त्याच्यासमोर जायला. ऐकायला नाय."

मी काही लॅटिन परत आणा म्हणणाऱ्यांतली नाही. मराठीत प्रार्थना आली, वाचनं आली, बायका वेदीजवळ उभ्या राहून पवित्र शास्त्र वाचायला लागल्या, हे सगळं मला प्रिय आहे. वसईत 'सुवार्ता' मासिकावर आणि मराठी मिस्सावर वाढलेली पिढी आहे आमची. पण एक झालंय. आता सगळं कळतं, म्हणून आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. आजीला ती खुर्ची कुणी दिलीच नव्हती.

आणखी एक. प्रवचन पडलं, गायन बेसूर झालं, तरी आमच्या मिस्साचा कणा त्यात नाही. भाकर आणि द्राक्षारस पुढे नेतात, त्याबरोबर आपणही जातो, आणि खरं अर्पण ख्रिस्ताचं आहे. आपण त्याला जोडले जातो. त्यामुळे फादरांचा घसा बसला म्हणून मिस्सा फुकट गेली असं होत नाही. प्रोटेस्टंट मंडळी संदेशावर सगळा भार टाकतात, मग संदेश पडला की रविवार पडतो. (मारू नका.)

टाळकरी

मारत नाही. पण 'सगळा भार' म्हणजे जरा जास्तच झालं. वचन वाचणं आणि फोडून सांगणं हीसुद्धा उपासनाच आहे, तो काही मधला भाषणाचा कार्यक्रम नव्हे. बोलतो तो पाळक, बोलावतो तो देव. हां, महिन्यातून एकदाच प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) असलं की उरलेल्या रविवारी टेबलावर नुसता टेबलक्लॉथ दिसतो, हे खरं.

दुसरी_ओळ, पेटीवरून घेतलेली फिरकी मान्य. टाळ मात्र आमचाच.

एक_वाचक

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचत होतो, मजा येतेय म्हणून विचारतो. राग नसावा.

आमच्याकडे देवपूजा घरात होते, देवळात गेलो काय, नाही गेलो काय, चालून जातं. वारी वेगळी, ती सगळ्यांनी मिळून. तुमच्याकडे मात्र रविवारी न गेलेला माणूस अपराधी चेहऱ्यानं फिरताना बघितलाय (शेजारी). घरीच प्रार्थना केली, वचन वाचलं, तर ती उपासना नाही का? आणि अगदी सुरुवातीला, म्हणजे चर्चच्या इमारती नव्हत्या तेव्हा, हे लोक नक्की करायचे काय?

टाळकरी

राग कसला. घरी होतेच. आमच्याकडे संध्याकाळी घरची प्रार्थना, कॅथलिक घरांत रोझरी. पण ती एकत्र येण्याच्या बदली नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते एका बाहेरच्यानं, तेही आमच्या विरोधकानं लिहून ठेवलंय. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनिया प्रांतात होता. त्यानं सम्राट त्रायानला पत्र लिहिलं: हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी ठेवायला दिलेली ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही. मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. साधंच जेवण. हे खरं का म्हणून त्यानं दोन दासींचा छळ करून विचारपूस केली. मंडळीत त्या सेविका होत्या.

ठेवीचा भाग वाचला की मला आमच्या जिल्ह्यातल्या पतसंस्था आठवतात. असो.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १५५ च्या आसपास, जस्टिन हा रोममधला ख्रिस्ती विद्वान रविवारचं वर्णन करतो. गावातले, शेतावरचे सगळे एका जागी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचतात. अध्यक्ष बोध करतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस येतो. आणि पुढची गोष्ट आपण विसरलोय: जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हातून त्यातला वाटा घरी पोचतो. ज्याला जमेल तो पैसे देतो, ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी.

म्हणजे बघा, इमारत नव्हती, पण एकट्यानं घरी बसून चाललंय असंही नव्हतं. उलट घरी पडलेल्या म्हाताऱ्याच्या दारापर्यंत रविवार जायचा. शेजाऱ्याला माझा जय ख्रिस्त सांगा आणि अपराधी चेहरा काढून ठेवायला सांगा.

सडेतोड

छान चाललंय. सुंदर सुंदर. आता जरा कटू बोलतो.

आमचं गाव सांगत नाही. दोन वेगवेगळ्या वस्त्यांतून ख्रिस्ती झालेली घरं आहेत. बाप्तिस्म्याचं पाणी एक, 'उपासना संगीत' एक, पाळक एक. पण प्रभुभोजनाला कुठली माणसं आधी उठतात आणि कुठली नंतर, हे न ठरवता ठरलेलं आहे. सोयरीक तर विचारूच नका. लग्न जमवताना 'आपल्यातलाच बघा' म्हणतात, तेव्हा 'आपल्यातला' म्हणजे ख्रिस्ती एवढाच अर्थ नसतो. वर जागेची भांडणं, ट्रस्टची भांडणं, एकाच मंडळीचे दोन गट कोर्टात.

अशा ठिकाणी टाळ वाजला काय, ड्रम वाजला काय. आमोसच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतोच की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, तुमची वाद्यं मला ऐकायची नाहीत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. करिंथच्या मंडळीत खात्यापित्या घरची माणसं लवकर येऊन जेवून घ्यायची आणि दमूनभागून उशिरा येणारे उपाशी राहायचे. पौलानं त्यांना सरळ लिहिलं, तुम्ही जे खाताय ते प्रभूचं भोजन नव्हेच. वाईट पद्धतीनं खाताय असं नाही म्हणाला. ते नव्हेच.

मी सात-आठ वर्षं रविवारी जात नाही. कारखान्यात इमानदारीनं काम करतो, कुणाचा पैसा खात नाही, अडल्याला मदत करतो. माझं काम हीच माझी उपासना. झालं.

रात्रपाळी

सडेतोड, आधीचं सगळं मान्य. वस्त्यांचं तर शब्दन् शब्द. आमच्याकडेही तेच आहे, फक्त इंग्रजी बोलून झाकतात.

शेवटच्या ओळीवर मात्र थांबते. मी नर्स आहे, एका मिशन हॉस्पिटलात. 'काम हीच उपासना' हे आम्हाला प्रत्येक नर्सेस डेला कुणी ना कुणी पाहुणा येऊन ऐकवतो. ऐकायला गोड आहे. पण पहाटे तीनला बेड नंबर चारच्या आजोबांनी अंथरूण ओलं केलेलं असतं, शेजारच्याची सलाईन संपत आलेली असते, नातेवाईक दारात येऊन 'सिस्टर, सिस्टर' करत असतो. तेव्हा माझ्या मनात देव नसतो. थेंब मोजणं असतं. आणि तसंच असावं, नाहीतर पेशंट मरेल. आजोबांना कुशीवर वळवायचं, एका बाजूची चादर गुंडाळून पाठीखाली सारायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी ओढून घ्यायची, पाठीला पावडर लावताना कुठे लाल झालंय का बघायचं. हे करताना मी भजन म्हणत नाही. बऱ्याचदा वैतागलेली असते.

मग हे देवाला अर्पण कसं होतं? माझं उत्तर: आपोआप होत नाही. ते न्यावं लागतं. आमच्याकडे सकाळी ड्युटी बदलताना वॉर्डात पाच मिनिटांची प्रार्थना असते. भजनाचं एक कडवं, दोन-चार वचनं, प्रार्थना. रात्रपाळीवाल्या पेंगत उभ्या असतात. तिथं बेड नंबर चारचं नाव घेतलं जातं. रविवारी चर्चमध्ये ते पुन्हा घेते. त्या नाव घेण्यानं मला कळतं की रात्री मी जे केलं ते कुणासमोर केलं. नुसतं काम केलं असतं तर महिनाअखेरीस पगार आणि पाठदुखी, एवढाच हिशेब उरला असता.

रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय सगळे एका वचनापुरता वाचतात: आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या. पुढचाही वाचा. स्वतःला आहात त्याहून मोठे समजू नका, परक्याला घरात घ्या, रडणाऱ्यांबरोबर रडा, लहान माणसांच्यात मिसळा, सूड घेऊ नका, शत्रूला भूक लागली तर खायला घाला. हे सगळं 'यज्ञ' या शब्दाखालीच येतं. आता यातलं अर्धं एकट्याला करताच येत नाही. कुणात मिसळणार, कुणाला माफ करणार? ज्यांच्याशी पटत नाही अशी माणसं लागतात. ती आठवड्यातून एकदा एका छपराखाली आणून बसवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. कारखान्यात आवडेल त्याच्या शेजारी डबा खाता येतो. मंडळीत नाही.

इमानदारीला नावं ठेवत नाही, दादा. पण कामालाच उपासना म्हटलं की हळूहळू कामाचीच उपासना सुरू होते. आमचे दोन डॉक्टर बघते रोज.

सडेतोड

डॉक्टरांचं पटलं. बाकीचं बघतो. तरी 'ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्यासाठी जा' हे ज्याला कायम नंतर उठावं लागतं त्याला सांगणं सोपं नाही, ताई.

रात्रपाळी

नाहीच. म्हणून तुम्हाला 'या' म्हटलं नाही. जे आधी उठतात त्यांनी मागे बसायचं असतं.

जुना_पाळक

मी सेवानिवृत्त. नातवानं हा धागा दाखवला. टंकलेखनाच्या चुका पोटात घाला.

टाळकरी यांनी मलाखी आणला, चांगलं केलं. पण बायबलातलं लेवीय, अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, तेही सोबत वाचा. सगळी अर्पणं पूर्ण जाळून टाकायची नव्हती. होमार्पण पूर्ण जाळायचं. शांत्यर्पणात मात्र चरबी वेदीवर, काही भाग याजकाला आणि उरलेलं मांस ज्यानं आणलं त्याच्या घरी. त्यानं ते कुटुंबासह खायचं, आणि उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाही. एक कुटुंब एका दिवसात बैल संपवील का? मग शेजाऱ्याला बोलवावंच लागणार. तेव्हा 'घ्यायला की द्यायला' अशी सरळ फाळणी होत नाही. दिलेलं देव परत ताटात वाढतो, पण एकट्याला पुरून उरेल इतकं.

सडेतोड यांना उत्तर म्हणून नव्हे, पण एक सांगतो. मी एका गावात होतो. दोन सख्खे भाऊ, दोघेही मंडळीचे सभासद, बांधावरून बोलणं बंद. एक पुरुषांच्या बाजूला पुढं बसायचा, दुसरा दारापाशी. प्रभुभोजनाच्या रविवारी मी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला तो भाग वाचला: दान वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. वाचून थांबलो. बराच वेळ थांबलो. सगळ्या मंडळीला ठाऊक होतं मी का थांबलो ते. बायकांच्या बाजूनं त्यांच्या आईनं मान वर केली. कुणी उठलं नाही. मग मी पुढचं वाचलं. प्रभुभोजन झालं. त्या दिवशी दोघांनीही घेतलं नाही. दोघंही बसून राहिले.

पुढे दोन वर्षांनी मोजणी आली, तालुक्याला दावा मिटला, बोलायला लागले. उपासनेमुळे मिटलं असं मी म्हणणार नाही, मोजणी अधिकाऱ्यामुळे मिटलं. पण त्या दिवशी दोघांनी भाकर घेतली नाही, ती मला माझ्या सेवेतली मोठी उपासना वाटते. येशूच्या शब्दाला त्यांनी किंमत दिली. खोटं घेतलं नाही.

वसईवाली

पाळकसाहेब, _/\_

आमच्याकडे मिस्सात कम्युनियनच्या आधी एकमेकांना शांती देतात. शेजारच्याकडे वळून हात जोडायचे. आमच्या रांगेतल्या दोन मावश्या जोडतात, पण नजर छताकडे. त्यांना हे वाचायला देते.

दुबईकर

थोडं वेगळं. आखातात आम्ही कित्येक वर्षं 'रविवारची उपासना' शुक्रवारी केली, कारण सुट्टी शुक्रवारी. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली, तरी शुक्रवारची सवय अजून सुटलेली नाही. एकाच आवारात तेलुगू, मल्याळी, तमिळ, तागालोग, अरबी अशा मंडळ्या तासातासानं. आधीच्या मंडळीचं शेवटचं गीत चालू असतं आणि आम्ही बाहेर उन्हात उभे.

मराठी घरं मोजकीच. हॉल मिळतो तो जेमतेम तासभर. त्यामुळे लेस बांधायला वेळच नसतो. :) गावाकडं असताना मीही 'काही मिळत नाही'वाला होतो. इथं टिळकांचं एखादं भजन सुरू झालं की नगर, कोल्हापूर, जालना, नागपूर, कुठलाही असो, माणूस चाल उचलतो. मंडळी वेगळ्या, मिशनं वेगळी होती, गळा एकच निघाला. १९७० साली नागपूरला सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते कागदावर. आमचं गाण्यात झालं.

ते 'घरी पोचवण्या'बद्दल: आमच्याकडे लेबर कॅम्पातल्या पोरांना सुट्टी मिळत नाही. आता दोघंतिघं उपासना झाल्यावर तिकडं जातात, खोलीतल्या बंकवर बसून एक भजन, प्रार्थना, डबा. त्याला आम्ही कुठलंही नाव दिलेलं नाही. जस्टिन यांचं वाचून बरं वाटलं.

दुसरी_ओळ

अवांतर, पण तितकंसं नाही. टाळकरी टिळकांचे भक्त आहेत म्हणून सांगतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात. दोन वर्षांत, १९१९ साली ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. माझ्या मते या माणसाची भजनं आपण घेतली, दरबार घेतला नाही. भजनं घेणं सोपं. एक_वाचक यांच्यासारखा माणूस आत आला तर त्याला बसायला जागा कुठली, हे अजून आपलं ठरलेलं नाही.

टाळकरी

याच्यावर वेगळा धागा हवा. काढ तू.

पाळकसाहेबांच्या शांत्यर्पणावरून आमच्या हंगामाच्या उपासनेबद्दल लिहितो. ती पुढच्या महिन्यात आहे, म्हणून डोक्यात तीच आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सुगी झाली की एका रविवारी लोक शेतातलं, घरातलं आणतात. ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या कमानीसारख्या बांधतात. वेदीपुढं गवार, वांगी, भोपळे, उसाची मोळी, पत्र्याच्या डब्यात शेंगा, कुणी विणलेला रुमाल, कुणी साबणाच्या वड्या, ज्याला शेत नाही तो दुकानातून साखर आणतो. कोंबडी तर हवीच. पाय बांधून व्यासपीठाच्या पायरीशी ठेवतात आणि नेमकी मोठ्या प्रार्थनेत ती ओरडते. गेल्या खेपेला पाळकसाहेब 'हे स्वर्गीय पित्या' म्हणाले आणि तिनं तीनदा साथ दिली. पोरं हसून हसून बाकाखाली.

उपासना झाली की आवारात लिलाव. इथं गंमत असते. एका म्हाताऱ्या विधवा बाईनं चार अंडी आणलेली. हायस्कूलातल्या मास्तरांनी पाचशेला घेतली आणि म्हणाले, पुन्हा लावा. पुन्हा लिलाव. तीच अंडी तिघांनी विकत घेऊन परत दिली. चौथ्यानं घेतली आणि बाईंच्याच पिशवीत ठेवली. बाई म्हणाल्या, "आरं, मग मी काय दिलं?"

काही जण म्हणतात हा निधी गोळा करायचा धंदा आहे, उपासना नव्हे. मी बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय दाखवतो. पहिल्या पिकाची टोपली घेऊन जायची, याजकाच्या हाती द्यायची आणि मग एक जबाब म्हणायचा: माझा बाप भटका अरामी होता, मिसरात गेला, तिथं आम्हाला गुलाम केलं, देवानं आम्हाला काढलं, ही जमीन त्यानं दिली, म्हणून हे पाहा, मी आणलंय. जमीनदारानं, वर्षाच्या सगळ्यात भरल्या दिवशी, मोठ्यानं म्हणायचं की आम्ही बेघर होतो. आणि मग काय करायचं? लेवी (देवाच्या सेवेतला, स्वतःची जमीन नसलेला) आणि तुझ्यात राहणारा परदेशी यांच्यासह आनंद करायचा. टोपली देऊन गुपचूप घरी नाही जायचं.

सडेतोडराव, आमच्याकडे या वर्षी कणसं बांधायचं काम दोन्ही वस्त्यांनी मिळून करायचं असं वडीलमंडळात मी मांडलंय. दोघांनी विरोध केला, ठराव पुढच्या बैठकीवर गेलाय. होईल ते इथं कळवीन.

सडेतोड

कळवा. ज्या दोघांनी विरोध केला ते प्रभुभोजनाला कितव्या नंबरला उठतात तेही कळवा.

एक_वाचक

हंगामाच्या उपासनेला माझ्यासारख्या बाहेरच्यानं आलेलं चालतं का? आणि येताना काय आणायचं?

टाळकरी

चालतं की. तुमच्या हाताला जे येतं ते आणा. शेत नसेल तर गूळ आणा, गूळ कायम कमी पडतो. तारीख ठरली की व्यनि करतो. उपासना दहाला आहे, सव्वादहाला येऊ नका. लिलावाला थांबावं लागेल आणि बोलीही लावावी लागेल, पाहुण्याला सूट नाही. कोंबडीवर लावणार असाल तर पिशवी तुमची तुम्ही आणा.